गाडीचा धूर आणि पहिले शील

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून ग्रंथवाचन चालते. वाचन संपल्यावर उपासक-उपासिका प्रश्न विचारतात, आणि ते विचारलेच पाहिजेत. कारण न विचारता मानणे हा आपला मार्ग नव्हे. पहिल्या शीलासंबंधी एक प्रश्न हमखास निघतो. ज्याला आपण ओळखत नाही, ज्याचे वाईट व्हावे असे आपल्या मनातही नाही, अशा कोणाला आपल्या हातून इजा झाली, तर पहिले शील मोडले काय? बहुधा हा प्रश्न पायाखाली सापडणाऱ्या मुंगीसंबंधी विचारला जातो. शहरात राहणाऱ्या बौद्ध कुटुंबाने तो आपल्या मोटारसायकलच्या, रिक्षाच्या आणि टेंपोच्या धुरासंबंधीही विचारला पाहिजे.

कोणी म्हणेल, धम्माचा आणि सायलेन्सरचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. माणूस अगदी एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकमेकांच्या संबंधात आली की धम्माला जागा द्यावीच लागते, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला समजावून सांगितले आहे. शहरातल्या रस्त्यावर दोनच काय, हजारो माणसे एकमेकांच्या संबंधात येतात. ती एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांची नावे जाणत नाहीत. पण एकाच्या गाडीने सोडलेली हवा दुसरा श्वासात घेतो. याहून जवळचा संबंध तो कोणता?

धूर कोणाच्या छातीत जातो?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. लिटरभर पेट्रोलचे वजन किलोपेक्षाही कमी, मग त्यातून एवढा वायू कसा, असे वाटेल. पण उरलेले वजन हवेतून घेतलेल्या प्राणवायूचे असते. हा वायू पृथ्वीचे तापमान वाढवतो. शिवाय इंजिनात इंधन कधीच पूर्णपणे जळत नाही. अर्धवट जळालेल्या इंधनातून विषारी कार्बन मोनॉक्साइड निघतो, काजळीचे बारीक कण निघतात, आणि इंजिनातल्या उष्णतेने नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. यांतले अडीच मायक्रॉनहून लहान असलेले कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या वीसपटींहूनही बारीक असतात. ते नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत केली. गाड्या, कारखाने, चुली, धूळ अशा सर्व कारणांनी दूषित झालेल्या बाहेरच्या हवेमुळे २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे ४२ लाख माणसे अकाली मृत्यू पावली, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे.

हा धूर सर्वांच्याच छातीत जातो, पण सारखा जात नाही. रस्त्यावरून घटकाभर जाणाऱ्यापेक्षा दिवसभर रस्त्यावरच राबणाऱ्याच्या वाट्याला तो अधिक येतो. चौकातला वाहतूक पोलीस, फुटपाथवरची भाजीवाली, हातगाडी ओढणारा, रस्त्याकडेच्या झोपडीत राहणारे कुटुंब, आणि पहाटेपासून रस्ता झाडणारे सफाई कामगार. या सफाई कामगारांत आपल्या समाजाचे किती आहेत, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

शतकानुशतके आम्हाला सांगण्यात आले की आमच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि आमच्या सावलीने माणूस बाटतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी त्याच तळ्यात शेण आणि गोमूत्र ओतून तळे ‘शुद्ध’ केले! विटाळाच्या त्या शास्त्राला खरी घाण कोणती हे कधी समजलेच नाही, कारण त्याने कारण आणि परिणाम यांचा विचारच केला नव्हता. तथागतांचा धम्म कारण आणि परिणाम पाहावयास शिकवतो. कोणाच्या सावलीने कोणी आजारी पडत नाही, धुराने पडतो. म्हणून ज्यांनी खोटा विटाळ झुगारून दिला, त्यांनी खरे दूषण ओळखण्यात मागे राहता कामा नये. सार्वजनिक पाण्यावर ज्यांनी हक्क सांगितला, त्यांच्यावर सार्वजनिक हवेची जबाबदारीही आहे.

दोन कथा, दोन निर्णय

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मारण्याचा हेतू नाही, मग दोष आहे काय? तथागतांनी कर्माच्या मुळाशी चेतना, म्हणजे हेतू, सांगितली आहे. या आधारे काही लोक म्हणतात, “माझ्या मनात कोणाला त्रास देण्याचे नाही, तेव्हा माझ्या गाडीच्या धुराचा मला दोष नाही.” हे म्हणणे तपासून पाहण्यासाठी बौद्ध वाङ्मयातल्या दोन कथा उपयोगी पडतात. दोन्ही कथा चालण्याच्याच आहेत.

पहिली कथा चक्खुपाल थेरांची. हे थेर दृष्टिहीन होते. श्रावस्तीच्या जेतवनात पाऊस पडून गेल्यावर ते चंक्रमण करीत असता त्यांच्या पायाखाली पुष्कळ किडे मेले. इतर भिक्खूंनी तथागतांकडे तक्रार केली. तथागतांनी विचारले, थेरांना तुम्ही किडे मारताना पाहिले काय? भिक्खू म्हणाले, नाही. तेव्हा तथागतांनी सांगितले की जसे तुम्ही त्यांना पाहिले नाही, तसे त्यांनी किड्यांना पाहिले नाही. त्यांच्या ठायी मारण्याची चेतना नव्हती. थेर निर्दोष ठरले.

दुसरी कथा वर्षावासाची आहे. प्रारंभी भिक्खू बारा महिने चारिका करीत. पावसाळ्यात रस्ते आणि शेतांचे बांध कोवळ्या गवताने भरलेले, जमिनीवर असंख्य लहान जीव आलेले; भिक्खू त्यांवरून चालत जात. लोक कुरकुरू लागले की पक्षीसुद्धा पावसाळ्यात घरट्यात राहतात, मग या शाक्यपुत्रीय श्रमणांनी हिरवे गवत आणि लहान जीव का तुडवावेत? ही गोष्ट तथागतांच्या कानावर गेली. भिक्खूंच्या मनात मारण्याचे नाही, तेव्हा लोकांना बोलू द्या, असे तथागत म्हणाले नाहीत. त्यांनी पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. ज्या वर्षावासात आपण ग्रंथवाचन करतो, त्याचा उगम असा आहे. प्रवासाच्या सवयीमुळे दुसऱ्या जिवांना इजा होते असे दिसताच तथागतांनी प्रवासाची सवय बदलली.

दोन्ही ठिकाणी मारण्याचा हेतू नव्हता. मग निर्णय वेगळे का? कारण चक्खुपाल थेरांना दिसतच नव्हते, आणि इतर भिक्खूंना डोळे होते व लोकांनी त्यांना दाखवूनही दिले होते. न दिसणे हा दोष नाही. दाखवून दिल्यावरही न पाहणे हा दोष आहे, आणि धम्मात त्याला प्रमाद म्हणतात. गाडीचा धूर काय करतो हे ज्याला ठाऊक नव्हते, तो निर्दोष म्हणता येईल. पण ठाऊक झाल्यावर सिग्नलला दोन मिनिटे इंजिन तसेच चालू ठेवणे ही केवळ सवय राहत नाही. तेथे चेतना येते. मारण्याची नव्हे, तर पर्वा न करण्याची.

गरज आणि इच्छा

यावर कोणी विचारील, मग गाडी चालवूच नये काय? याचे उत्तरही वर्षावासाच्या नियमातच आहे. आजारी भिक्खूची शुश्रूषा, माता-पित्यांचे आजारपण अशा कारणांसाठी सात दिवसांपर्यंत आवास सोडून जाण्याची मुभा तथागतांनी दिली. गरज त्यांनी नाकारली नाही.

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा उलगडा याच रीतीने केला आहे. तथागतांनी अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, नियम म्हणून नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नियम पाळायचा किंवा मोडायचा, एवढेच असते. तत्त्व मात्र माणसाला विचार करून वागण्याची मोकळीक देते आणि त्याबरोबर जबाबदारीही देते. जीव घेण्याची गरज आणि जीव घेण्याची इच्छा यांत त्यांनी भेद केला आहे. हा भेद आपल्या गाडीला लावून पाहा. आजाऱ्याला इस्पितळात नेणे ही गरज आहे. रिक्षा चालवून पोट भरणे ही गरज आहे, सम्यक आजीविका आहे. पण कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला गाडी काढणे, उभ्या गाडीला उगाच रेस देणे, पुढचा सिग्नल लाल दिसत असता जोरात जाऊन करकचून ब्रेक मारणे, यांत गरज कोणती?

सरकारी नियमांचे महत्त्व कमी नाही. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली, आणि मुलांच्या मेंदूला अपाय करणारे शिसे गाड्यांच्या धुरातून गेले. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना ‘भारत स्टेज सहा’ ही कडक मर्यादा लागू झाली. हे नियमांनी झाले, एकेकट्याच्या सद्भावनेने झाले नसते. परंतु नियम कागदावर पाळून तत्त्व मोडता येते. गाडी तपासणीला न नेताच पीयूसीचे प्रमाणपत्र मिळवणारा पोलिसाला कागद दाखवून सुटेल. मागून चालणाऱ्या दम्याच्या रोग्याला त्या कागदाचा काय उपयोग?

चालवण्याची रीत

सति म्हणजे जागरूकता. ती डोळे मिटून बसल्यावरच असावी, असे नाही. गाडीच्या हँडलवर हात असतानाही असावी. आता काही साध्या गोष्टी पाहू.

थांबणे दहा सेकंदांहून अधिक असेल, तर इंजिन चालू ठेवण्यापेक्षा बंद करून पुन्हा सुरू करण्यास सामान्यतः कमी इंधन लागते. सिग्नलवर आकडे उलटे मोजत असतात. ते पाहून इंजिन बंद करावे. दिल्लीत २०२० साली सरकारने यासाठी खास मोहीम काढली होती. मात्र चालत्या गाडीचे इंजिन उतारावर कधीही बंद करू नये. चारचाकीत त्याने ब्रेक आणि स्टीअरिंग जड होते.

मी शाळेत शिकवते. शाळा सुटण्याच्या वेळी कोठल्याही शाळेच्या फाटकाशी रिक्षा, व्हॅन आणि मोटारसायकली इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या दिसतील. लहान मुलाची उंची कमी, त्यामुळे त्याचे नाक सायलेन्सरच्या जवळ. आणि त्याचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद. प्रत्येक पालक आपल्या मुलासाठी थांबलेला असतो आणि प्रत्येकाचा धूर दुसऱ्याच्या मुलाच्या छातीत जातो. पहिल्या शीलाचा आजच्या शहरातला धडा द्यायचा तर तो शाळेच्या फाटकापाशीच द्यावा.

दुसरी गोष्ट वेगाची. गाडीला वेग देण्यासाठी आपण पेट्रोल जाळतो, आणि ब्रेक दाबला की पेट्रोलने विकत घेतलेला तो वेग ब्रेकच्या लायनरमध्ये उष्णता होऊन वाया जातो. त्यातच लायनर झिजून त्याची भुकटीही हवेत जाते. म्हणून पुढे दूरवर पाहावे, सिग्नल लाल दिसला की आधीच ॲक्सिलरेटर सोडावा, गाडी हळूहळू थांबू द्यावी. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा एकसारखा वेग इंधनाच्या दृष्टीने चांगला. क्लच अर्धा दाबून गाडी चालवू नये. खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडत ठेवू नये.

तिसरी गोष्ट निगेची. टायरमध्ये हवा कमी असली की गाडी जड चालते आणि इंधन जास्त खाते. आठवड्यातून एकदा हवा पाहावी. एअर फिल्टर कचऱ्याने भरला की इंजिनाला श्वास पुरत नाही, मग इंधन नीट जळत नाही आणि धूर वाढतो. ऑइल वेळेवर बदलावे, मोटारसायकलची चेन ढिली पडू देऊ नये. काळा धूर दिसू लागला की पुढच्या पगाराची वाट न पाहता गाडी मेकॅनिककडे न्यावी.

यांत संसाराचेही हित आहे. समजा, एखाद्याची मोटारसायकल रोज ३० किलोमीटर चालते आणि लिटरला ४५ किलोमीटर जाते. महिन्याला २० लिटर पेट्रोल झाले. जपून चालवल्याने दहावा हिस्सा वाचला, तर महिन्याला दोन लिटर, वर्षाला २४ लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाकाठी २४०० रुपये. एका मुलाच्या वह्या-पुस्तकांची सोय झाली. आणि सुमारे ५५ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला नाही.

वाहन आणि सन्मान

हे सांगताना एक गोष्ट मी विसरत नाही. आपल्या पुष्कळ घरांत आज जी मोटारसायकल उभी आहे, ती त्या घराण्याच्या साऱ्या पिढ्यांतली पहिली गाडी आहे. ती केवळ यंत्र नाही. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह वडिलांना भेटण्यास कोरेगावकडे निघाले, तेव्हा मसूर स्टेशनवर एकही गाडीवाला त्यांना बसवून न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे दिल्यावर एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे. १९२९ साली, उच्चविद्याविभूषित बॅरिस्टर झाल्यावरही, चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकण्याचे नाकारले. पाहुण्याने पायी येणे शोभणार नाही, म्हणून आपल्या बांधवांनी टांगा भाड्याने घेतला आणि टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्यातल्याच एकाच्या हाती लगाम दिला. नदीवरच्या मोरीवर चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. माझा मान राखण्यासाठी माझा जीवच धोक्यात घातला गेला, अशा अर्थाचे बाबासाहेबांनी त्याबद्दल लिहून ठेवले आहे.

त्या बिचाऱ्या बांधवांचा दोष नव्हता. दोष जातीचा होता. पण या प्रसंगातून आपण एवढे शिकावे की वाहनातला मान आणि वाहन चालवण्याची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज लगाम आपल्या हाती आहे. तो हाती येण्यास किती पिढ्या गेल्या हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तो सर्वांत चांगल्या रीतीने धरला पाहिजे.

आणि आपण तो कसा धरतो? नवी गाडी आली की कित्येक बौद्ध घरांतून अजून नारळ फुटतो आणि लिंबू-मिरची बांधली जाते. लिंबाने ब्रेक लागत नाही. त्याऐवजी कुटुंबाने एकत्र त्रिसरण-पंचशील घ्यावे आणि ही गाडी कोणाला इजा करणार नाही असा निश्चय करावा. जयंतीच्या मिरवणुकीत काही तरुण सायलेन्सर काढून गाड्या पळवतात. गाडीवर ‘जय भीम’ लिहिलेले असते आणि मागून काळा धूर येत असतो. मागच्या माणसाने ते नाव वाचावे आणि तोंड फिरवून घ्यावे, हे बाबासाहेबांच्या नावाला शोभते काय? बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती रस्त्यावर लागू नाही, असे कोठेही म्हटलेले नाही.

“आमच्या एकट्याने काय होणार?”

शेवटचा आक्षेप असा की कारखाने आणि श्रीमंतांच्या मोठ्या गाड्या अधिक धूर सोडतात, मग उपदेश गरीब मोटारसायकलवाल्यालाच का? आक्षेपात तथ्य आहे. ज्याचा धूर मोठा, त्याची जबाबदारी मोठी. एका माणसासाठी चार चाके फिरवणाऱ्याने रिक्षावाल्याला शहाणपण शिकवू नये. आणि व्यक्तीच्या शीलाचे नाव सांगून समाजाची व्यवस्था तशीच ठेवावी, हेही बाबासाहेबांच्या अनुयायांना मान्य होणार नाही. पन्नास माणसे एका बसमध्ये बसून गेली, तर तेवढ्याच माणसांच्या पन्नास गाड्यांचा धूर वाचतो. म्हणून पुरेशा आणि स्वस्त बसगाड्या, चालण्याजोगे फुटपाथ ही मागणी आपल्या वस्त्यांनी जोराने केली पाहिजे. विजेच्या गाड्या चांगल्या, त्यांना सायलेन्सरच नाही. पण महाराष्ट्रातली बरीच वीज अद्याप कोळशावर होते. शहरातला धूर चंद्रपूर आणि कोराडीच्या चिमण्यांतून त्या भागातल्या लोकांवर पडणार असेल, तर प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही.

सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेने वड लावले आणि विहिरी खोदल्या, माणसांसाठी आणि जनावरांसाठीही. ज्यांना तो कधी पाहणार नव्हता, अशा वाटसरूंना त्याने सावली दिली. आपल्या संविधानात १९७६ सालच्या ४२व्या दुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी करुणा हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून नमूद झाले. राज्यकर्त्याचे कर्तव्य आणि नागरिकाचे कर्तव्य, दोन्ही बाजूंनी रस्ता हे करुणेचे ठिकाण आहे.

बंधू-भगिनींनो, तथागतांनी सांगितले की या आणि स्वतः पाहा. म्हणून हा लेखही तसाच मानू नका. या वर्षावासात घरातल्या गाडीसाठी एक वही करा. किती पेट्रोल घातले आणि किती किलोमीटर झाले, ते मुलांच्या हातून लिहवून घ्या. पहिला महिना नेहमीप्रमाणे गाडी चालवा, पुढचे दोन महिने वर सांगितल्याप्रमाणे चालवा. आश्विन पौर्णिमेला वहीतले आकडे विहारात सर्वांसमोर वाचून दाखवा. दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना दहा गाड्यांऐवजी एक बस करता आली, तर तेही त्या वहीत लिहा. किती रुपये वाचले ते वही सांगेल. कोणाकोणाच्या छातीत धूर गेला नाही, ते तिच्यात येणार नाही, कारण त्या माणसांची नावे आपल्याला कधी कळणार नाहीत. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याच्याविषयीही मनात मेत्ता ठेवा, असेच तथागतांनी आपल्याला शिकवले आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!